दोन अक्षरी ‘गॅस’ आणि भोपाळचा शब्दकोश

‘गॅस संपला’ या एवढ्याशा वाक्याने मराठी घरात आजही क्षणभर धांदल उडते. या वाक्यातला गॅस म्हणजे सिलिंडरमधील इंधन. ‘भाजी गॅसवर ठेव’ असे म्हणताना तोच शब्द शेगडी होतो, ‘गॅस बारीक कर’ म्हणताना ज्योत होतो आणि ‘गॅसचा नंबर लावला’ म्हणताना वितरकाकडील नोंदणी. चार अर्थ एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदतात आणि कुणाचा गोंधळ उडत नाही. जेवण जड झाले की ‘गॅस’ पोटात शिरतो. फ्रिज थंड करीनासा झाला की दुरुस्ती करणारा ‘गॅस गेला’ असे निदान करतो. जत्रेतील मुलाच्या हातून सुटून माडाच्या वर जातो तो गॅसचा फुगा. आणि उमेदवारीच्या याद्या जाहीर होण्यास विलंब झाला की आमच्याच व्यवसायातील मंडळी ‘इच्छुक गॅसवर’ असा मथळा देऊन मोकळी होतात. या शेवटच्या अर्थाला कोणत्याही इंग्रजी कोशात आधार सापडणार नाही. तो मराठीने स्वतःच्या शेगडीवर शिजवलेला आहे.

इंग्रजीत या तीन अक्षरांच्या शब्दाचा संसार आणखी विस्तारलेला आहे. अमेरिकेत मोटारीत भरावयाचा ‘गॅस’ म्हणजे आपले पेट्रोल, म्हणजे चक्क द्रव. तेथे वेग वाढवायचा असेल तर ‘गॅसवर पाय’ द्यावा लागतो. हाच शब्द क्रियापदासारखा वापरला की ऐसपैस, बिनकामाच्या गप्पा मारणे असाही अर्थ होतो आणि विषारी वायूने माणसे मारणे असाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ सालच्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरिनचा वापर झाला, आणि या शब्दावर जी काळी छाया पडली ती पुढे नाझी छळछावण्यांनी कायमची गडद केली. एकाच क्रियापदात गप्पा आणि संहार शेजारी शेजारी बसावेत, याला भाषेचा निगरगट्टपणा म्हणावे की निष्पापपणा, हे ठरवणे कठीण आहे.

शब्दाचा जन्म मात्र एका प्रयोगशाळेत झाला. ब्रुसेल्सचा वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट याने ६२ पौंड कोळसा जाळला. राख उरली सुमारे एक पौंड. बाकीचे ६१ पौंड गेले कुठे? जे दिसत नाही, पण आहे, अशा त्या द्रव्याला नाव हवे होते. त्याने ‘गॅस’ हा शब्द घडवला. सृष्टीपूर्वीच्या आकारहीन अवस्थेसाठी ग्रीकांचा ‘खाओस’ हा जो शब्द होता, त्याचे हे डच उच्चाराला साजेसे रूप. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये मुलाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून ते युरोपभर गेले. इंग्रजीने ते जसेच्या तसे उचलले, पोर्तुगीजमध्ये त्याचा ‘गाश’ झाला, आणि दोन्ही वाटांनी तो आपल्या किनाऱ्याला लागला. व्हान हेल्मोंटने या द्रव्याचे एक लक्षण सांगितले होते: ते कोणत्याही भांड्यात कोंडून ठेवता येत नाही. हे लक्षण वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विज्ञानाच्या परिभाषेत मराठीने ‘गॅस’साठी ‘वायू’ हा जुना, प्रतिष्ठित शब्द नेमला. प्राणवायू, नत्रवायू, हास्यवायू असे नेटके समास त्यातून झाले. केवळ जमाव पांगवणाऱ्या वायूच्या वाट्याला ‘अश्रुधूर’ आला. तेथे वायूचा धूर कसा झाला, हे परिभाषाकारच जाणोत. परंतु वायू हे पंचमहाभूतांतील एक, हनुमंताचा पिता आणि आयुर्वेदातला वात. त्याला सिलिंडरमध्ये बसवणे जनतेला मानवले नाही. मुंबईत १८६५ मध्ये रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागले तेव्हापासून ‘गॅस’ लोकांच्या तोंडी बसला. लालबागच्या गॅस कंपनीचे नाव तेथील गल्लीला चिकटले. पुढे रॉकेलची वाफ करून जाळणाऱ्या दिव्यालाही लोकांनी ‘गॅसबत्ती’ म्हटले आणि त्याच भगभगीत उजेडात कोकण-गोव्यातील दशावतारी नाटकांच्या रात्री उजाडल्या. मराठी माणसाच्या मनात या शब्दाभोवती बराच काळ उजेड, वरात आणि सोय असेच संस्कार होते.

हिंदीत गेल्यावर या शब्दाचे लिंग बदलते. मराठीत ‘तो गॅस’, हिंदीत ‘ती’. ‘गैस ख़त्म हो गई’ हे उत्तरेतील कोणत्याही घरातले वाक्य. भोपाळमध्येही ते रोज उच्चारले जाते. पण त्या शहरात या स्त्रीलिंगी शब्दाला आणखी काही क्रियापदे लागतात, जी भारतात इतरत्र त्या अर्थाने लागत नाहीत. ‘गैस निकली’, ‘गैस आई’, ‘गैस लगी’. ऊन लागावे, दृष्ट लागावी, तशी तेथे माणसांना गॅस ‘लागली’. कोणत्या कारखान्यातील, कोणत्या दिवशीची, हे सांगण्याची गरज नसते. ‘गैस के पहले’ आणि ‘गैस के बाद’ असे काळाचे दोन भाग पाडून तेथील वयस्क माणसे आठवणी सांगतात. लग्ने, जन्म, घर बांधणे यांच्या तारखा या खुणेवरून मोजल्या जातात. सामान्यनामाचे विशेषनाम होण्याची अशी उदाहरणे कोणत्याही भाषेत थोडीच असतील.

ती रात्र २ डिसेंबर १९८४ ची. ३ तारीख उजाडण्यापूर्वीची. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यात ‘सेव्हिन’ हे औषध तयार करण्यासाठी मिथाइल आयसोसायनेट हे रसायन साठवलेले होते. ६१० क्रमांकाच्या टाकीत ते सुमारे ४० टन होते. येथे शब्दाचा पहिला चकवा आहे. टाकीत जे होते तो वायू नव्हता. तो द्रव होता. मिथाइल आयसोसायनेट सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाच्या अंगाच्या उष्णतेलाच त्याची वाफ होऊ लागते. म्हणूनच ते थंड ठेवणे आवश्यक होते. परंतु शीतकरणाची यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासूनच बंद होती. टाकीत पाणी शिरले, रासायनिक क्रिया भडकली, तिच्याच उष्णतेने द्रव उकळला आणि दाबाने झडप उघडून वाफ बाहेर पडली. बाहेर पडणारी वाफ जाळून टाकणारी मशाल दुरुस्तीसाठी नळी काढल्यामुळे निकामी होती. वाफ धुऊन निरुपद्रवी करणारी यंत्रणा एवढ्या लोंढ्यापुढे टिकण्यासारखी नव्हती. पाण्याचे फवारे त्या उंचीपर्यंत पोहोचलेच नाहीत.

आपल्या घरातील सिलिंडरमध्येही खरे तर द्रवच असतो. १४.२ किलो वजनाचा तो इंधनसाठा दाबाखाली पातळ करून भरलेला असतो आणि झडप उघडताच वायुरूप घेतो. सिलिंडर हलवून आत किती उरले आहे हे अजमावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते. त्या इंधनाला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. घरच्या गॅसला दुर्गंधी ही पहारेकरी म्हणून नेमलेली आहे. भोपाळच्या कारखान्यात पहारेकरी होता तो भोंगा. बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा त्या रात्री थोडा वेळ वाजवून बंद करण्यात आला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प येथील माणसे जागी झाली ती खोकल्याने आणि डोळ्यांच्या आगीने. मिरच्या जाळल्यासारखे वाटले, असे अनेकांनी पुढे सांगितले. ही वाफ हवेच्या सुमारे दुप्पट जड असते. ती वर विरून गेली नाही, जमिनीलगत सरकत राहिली, आणि जमिनीलगतच झोपडीवासीयांची अंथरुणे होती.

सकाळी रुग्णालयांसमोर जो प्रश्न उभा राहिला तो मूलतः शब्दार्थाचा होता. गॅस, पण कोणता गॅस? हमीदिया रुग्णालयात रुग्णांचे लोंढे येत असताना कारखान्याच्या बाजूने डॉक्टरांना सांगण्यात आले, की हा अश्रुधुरासारखा डोळे चुरचुरवणारा वायू आहे, डोळ्यांवर ओला कपडा ठेवावा. न्यायवैद्यक विभागाचे डॉ. हीरेश चंद्र यांनी शवविच्छेदनात जे पाहिले त्यावरून त्यांना सायनाइडच्या विषबाधेची शंका आली आणि त्यांनी सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन सुचवले. त्यावर जो वाद पेटला तो वर्षानुवर्षे शमला नाही. हवेत केवळ मिथाइल आयसोसायनेट होते, की उष्णतेने त्याचे विघटन होऊन इतरही विषे तयार झाली होती, याच्या उत्तरावर उपचार अवलंबून होते. जून १९८५ मध्ये स्वयंसेवी डॉक्टर चालवीत असलेल्या केंद्रावर पोलिसांनी छापा घातला आणि थायोसल्फेटचे वाटप थांबले. ‘गॅस’ या शब्दाची सोय अशी, की त्यात सर्व काही मावते आणि नेमके काही सांगावे लागत नाही. स्वयंपाकघरात ही संदिग्धता निरुपद्रवी असते. मृत्यूच्या दाखल्यावर आणि औषधाच्या चिठ्ठीवर ती निरुपद्रवी राहत नाही.

याच डिसेंबरच्या मध्यावर टाक्यांत उरलेल्या रसायनाचे सेव्हिनमध्ये रूपांतर करून ते संपवण्याची मोहीम सरकारने हाती घेतली. तिला ‘ऑपरेशन फेथ’, म्हणजे विश्वासाची मोहीम, असे नाव दिले होते. मोहीम पार पडली. परंतु ती सुरू होण्यापूर्वीच हजारो लोक शहर सोडून निघून गेले. नाव विश्वास, आणि प्रतिसाद पलायन.

‘गॅस’पासून अलीकडे इंग्रजीत आणखी एक शब्द रूढ झाला आहे, आणि मराठी तरुणांच्या बोलण्यातही तो ऐकू येतो: ‘गॅसलायटिंग’. त्याचे मूळ पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात आहे. १९४४ मध्ये त्यावर इंग्रिड बर्गमनची भूमिका असलेला प्रसिद्ध चित्रपट निघाला. नवरा माडीवर चोरून दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतील गॅसचा दिवा मंदावतो. बायकोला ते दिसते. नवरा म्हणतो, तुला भास होतात. एखाद्याला स्वतःच्याच अनुभवाविषयी शंका वाटू लागेल असे वागणे, हा त्याचा अर्थ. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशाने २०२२ साठी त्याची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली. या शब्दाची उत्पत्ती भोपाळशी जोडता येणार नाही. तथापि ज्यांचे फुप्फुस निकामी झाले त्यांना तुमचा आजार जुन्या क्षयाचा, गरिबीचा वा तंबाखूचा आहे असे ऐकवले गेले, हे भोपाळच्या पीडितांनी वारंवार सांगितले आहे, आणि त्यासाठी याहून चपखल शब्द प्रस्तुत लेखकाला सुचत नाही.

मग हा शब्द न्यायालयात गेला. मार्च १९८५ मध्ये संसदेने जो कायदा केला त्याच्या नावातच तो आहे: भोपाळ वायुगळती आपत्ती (दाव्यांवरील प्रक्रिया) अधिनियम. पीडितांच्या वतीने लढण्याचा अनन्य अधिकार या कायद्याने केंद्र सरकारकडे घेतला. ‘गळती’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. नळ गळतो, छप्पर गळते. गळतीला कर्ता नसतो. पीडितांच्या संघटनांनी म्हणूनच ‘गळती’ आणि ‘दुर्घटना’ हे शब्द फारसे मनावर घेतले नाहीत. भोपाळच्या रस्त्यावर प्रचलित आहे तो ‘गैस कांड’. सरकारी पाटीवर मात्र ‘भोपाल गैस त्रासदी राहत एवं पुनर्वास विभाग’ असे आहे. त्रासदी म्हणजे शोकांतिका. तिच्यात दैव दोषी असते. कांड म्हटले की कुणीतरी ते केलेले असते. मराठी वृत्तपत्रांनी ‘वायुदुर्घटना’ हा शब्द स्वीकारला, आणि तो आजही चालतो. इतक्या वर्षांनी तरी त्याचा फेरविचार व्हावयास हरकत नाही.

फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आता प्रत्येक माणसाला गॅस ‘लागली’ आहे हे कागदावर सिद्ध करावयाचे होते. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त ठरले. १९९० पासून दरमहा २०० रुपयांचे अंतरिम साहाय्य मिळाले ते या प्रभागांतील रहिवाशांना. व्हान हेल्मोंटने जे द्रव्य भांड्यात कोंडता येत नाही म्हटले, ते महापालिकेच्या नकाशाने प्रभागांच्या हद्दीत कोंडले. पीडितांचे वर्गही ठरले: मृत्यू, कायमचे अपंगत्व, तात्पुरते अपंगत्व, किरकोळ इजा. पावणेसहा लाखांच्या आसपास दावे मान्य झाले आणि बहुतेकांच्या पदरी २५ हजार रुपये पडले. पुढे व्याजासह उरलेल्या रकमेतून २००४ च्या आदेशानुसार तेवढेच आणखी. ५,२९५ मृत्यूंसाठी भरपाई दिली गेली. संघटना मृतांची संख्या याच्या कित्येक पट मानतात.

याच प्रक्रियेतून ‘गैस पीड़ित’ ही भोपाळची स्वतंत्र ओळख तयार झाली. प्रारंभी ती सरकारी वर्गवारी होती. परंतु ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांनीच ती उचलून फलकावर लावली. अब्दुल जब्बार यांची ‘भोपाल गैस पीड़ित महिला उद्योग संगठन’ ही संघटना, किंवा रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांच्या नेतृत्वाखालील ‘भोपाल गैस पीड़ित महिला स्टेशनरी कर्मचारी संघ’, यांच्या नावांत हा शब्द विनवणीसाठी येत नाही. हक्क सांगण्यासाठी येतो. या दोघींना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, जब्बार यांना २०१९ मधील निधनानंतर पद्मश्री. करोंद भागातील मृतांच्या पत्नींसाठीच्या वसाहतीचे नाव लोकांच्या तोंडी ‘विधवा कॉलनी’ असे रुळले. शब्द किती निष्ठुरपणे स्थिरावतात याचे ते उदाहरण आहे.

द्रवाला ‘गॅस’ म्हणण्याची आपली सवय भोपाळनंतरही सुटली नाही. भोपाळला जेमतेम एक वर्ष होते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम समूहाच्या कारखान्यातून ओलियम सुटले. ते गंधकाम्लाचेच एक तीव्र, धुमसते रूप. वर्तमानपत्रांत ‘ओलियम गॅस’ झाले. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगाच्या निरपवाद दायित्वाचा सिद्धान्त मांडला. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये स्टायरीनची वाफ पसरली आणि बारा जणांचा बळी गेला. तेही टाकीतील द्रवच. मथळा पुन्हा ‘गॅसगळती’. हा शब्दच्छल वाटेल, परंतु द्रव टाकीत असतो तोवर त्याचे तापमान मोजता येते, ते वाढले तर वेळीच कळू शकते, थंड करता येते. ‘गॅस गळला’ म्हटले की या साऱ्या आधीच्या तासांचा, कधी महिन्यांचा, हिशेब पुसला जातो. उरते ते एक अचानक आलेले संकट.

कायद्याने या बाबतीत एक महत्त्वाचे पाऊल टाकले, पण त्याची चर्चा क्वचितच होते. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांवरील नवे प्रकरण आले. त्यातील ४१-ब या कलमाने कारखानदारावर बंधन घातले, की आपल्याकडील धोके कोणते आणि त्यांवर उपाय काय, ही माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी. सोप्या भाषेत, ‘गॅस’ एवढेच सांगून चालणार नाही. नाव सांगावे लागेल.

गोव्याला हा विषय परका नाही. केरी येथील नायलॉन ६,६ प्रकल्पाविरुद्ध फोंडा तालुका उठला आणि जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण मारला गेला, तेव्हा भोपाळला पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना अंधारातच घरे सोडावी लागली. त्या वेळी द्रव्याचे नाव ताबडतोब कळले होते. अमोनिया मुळात हवेहून हलका आणि पाण्यात सहज विरघळणारा. त्यावर पाण्याचा मारा उपयोगी पडतो. क्लोरिन हवेहून जड. तो सुटला तर उंच जागा गाठावी लागते. एकाच शब्दाखाली मोडणाऱ्या दोन द्रव्यांपासून पळण्याच्या वाटा वेगळ्या असतात. मुरगाव तालुक्यात राहणाऱ्या किती कुटुंबांना आपल्या दारावरून कोणते रसायन जाते हे ठाऊक असेल, हा प्रश्न विचारावासा वाटतो.

भोपाळमध्ये दरम्यान शब्दकोश वाढतच आहे. कारखान्याच्या आवारात आणि सौर तलावांत टाकलेल्या कचऱ्यातून विषारी द्रव्ये जमिनीत झिरपली. आजूबाजूच्या वस्त्यांतील जी माणसे १९८४ मध्ये तेथे नव्हती, काही तर जन्मलीही नव्हती, ती हेच पाणी पीत होती. त्यांना शुद्ध पाणी पुरवावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. या लोकांनी स्वतःसाठी ‘पानी पीड़ित’ हा शब्द घडवला आहे, ‘गैस पीड़ित’च्या साच्यात. १९८५ च्या अधिनियमात त्यांना जागा नाही, कारण तो केवळ वायूविषयी बोलतो. मार्च २०२३ मध्ये वाढीव भरपाईसाठीची केंद्राची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जानेवारी २०२५ च्या प्रारंभी कारखान्यातील ३३७ टन कचरा बंदिस्त वाहनांतून पीथमपूरला नेण्यात आला, आणि तेथील नागरिकांच्या विरोधानंतरही न्यायालयाच्या देखरेखीखाली जूनअखेर जाळण्यात आला. जमिनीत मुरलेले मात्र भोपाळमध्येच आहे. त्याला गॅस म्हणता येत नाही आणि अजून कायद्याने त्याला दुसरे नाव दिलेले नाही.